उंदीरखाना आणि आबांचा एडका

एडका सोडायच्या दिवशी आबा मला पाण्याला पाठवायचे. घागर भरलेली असली तरी पाठवायचे. आमच्या मेंढरांत दोन मोठे एडके, म्हणजे नर, होते आणि वर्षातले बरेच महिने त्यांच्या पोटाखाली गोणपाटाचा तुकडा बांधलेला असायचा, मेंढ्यांच्या मागे लागले तरी काही होऊ नये म्हणून. कोकरं चारा असेल त्या दिवसांत यावीत, टंचाईत येऊ नयेत, यासाठी ही सोय. मग एखाद्या सकाळी आबा आभाळ बघायचे, गवत बघायचे आणि गोणपाट सोडायला बसायचे. बसायच्या आधी, माझ्याकडे न बघता म्हणायचे, "शेवंते, घागर घे." ओढा लांब असला तर त्यांना बरंच वाटायचं. मी घागर घेऊन निघायचे, बाभळीच्या आड थांबायचे आणि दिसेल तेवढं बघायचे. दिसायचं ते अर्धंच, हे मला फार उशिरा कळलं आणि त्या अर्ध्या माहितीवर मी माझ्या सोपानमामाला जवळजवळ बुडवलं होतं. ती गोष्ट आता सांगून टाकते, कारण ती जाणणारी मी एकटीच उरले आहे.

दहावीपर्यंत मी आश्रमशाळेत होते. सुट्टी लागली की मेंढरं ज्या गावच्या शेतात बसली असतील ते गाव शोधत जायचं आणि शाळा उघडली की परत. दहावीला मार्क बरे पडले तेव्हा आईचा भाऊ, सोपानमामा, आबांना म्हणाला, "दाजी, हिला अंबाजोगाईला धाडा. माझ्या घरी ऱ्हाईल." आबा मेंढरांकडे निघून गेले. तिसऱ्या दिवशी माझी पेटी घोड्यावर बांधली आणि रस्त्यापर्यंत सोडायला आले. एवढीच काय ती संमती. मामा तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात नोकरीला होता. नोकरी काय, तर उंदीर सांभाळायचे. कागदोपत्री त्या जागेला प्राणीगृह म्हणत, पण मामी तिला कायम उंदीरखाना म्हणायची आणि मामाही पुढे पुढे तसंच म्हणायला लागला होता.

मामाचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि मागं एक न्हाणी. मामीचा त्या न्हाणीवर फार जीव. मामा कामावरून आला की ती दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची आणि तो हातपाय धुऊन, कपडे बदलून येईपर्यंत घरातल्या कशाला हात लावू द्यायची नाही. "उंदरांचा वास पिठात उतरतो," असं तिचं ठाम मत होतं. तिची येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी गल्लीत नावाजलेली होती. ती उकळायला लागली की शेजारच्या दोन घरांतून वाट्या यायच्या. मामी वाट्या भरून द्यायची आणि वर ऐकवायची, "येसर भाजायला शिका की जरा, लई अवघड न्हाई." मूलबाळ नसलेल्या त्या घरात मला फार लाड मिळाले असं म्हणता येणार नाही, पण गरम भाकरी पहिली माझ्या ताटात पडायची, आणि आश्रमशाळेतून आलेल्या मुलीला याहून मोठं काही सुचत नव्हतं. सकाळी मामीचा रेडिओ, खलबत्त्याचा आवाज आणि मामाचं खोकणं या तीन आवाजांवर मी बारावीचा अभ्यास केला. आता बीडला मी पहिल्या मजल्यावर राहते. खाली कोचिंग क्लास आहे. दिवसभर पोरांच्या मोटारसायकली घुरघुरत असतात. पण त्या तीन आवाजांइतकं माझ्या कानांना सवयीचं दुसरं काही झालं नाही.

उंदीरखान्यात मी पहिल्यांदा गेले ती मामाचा डबा द्यायला. लांबट खोली, भिंतीला लागून लोखंडी मांडण्या आणि त्यांवर ओळीनं पिंजरे. प्रत्येक पिंजऱ्यात लाकडाचा भुसा, उलटी टांगलेली पाण्याची बाटली आणि पांढरेशुभ्र उंदीर, तांबड्या डोळ्यांचे. बाटलीच्या नळीला जिभा लागायच्या आणि सगळ्या खोलीत बारीक टकटक चालू असायची. वास होता, खोटं कशाला सांगू. पण मेंढरांत वाढलेल्या पोरीला त्या वासाचं काय. मामा उंदीर शेपटीच्या बुडाला धरून उचलायचा, दुसऱ्या हातावर ठेवायचा आणि तो उंदीर त्याच्या बाहीवर निवांत बसायचा. प्रत्येक पिंजऱ्याला एक चिठ्ठी लावलेली. त्या चिठ्ठ्या हा मामाचा अभिमान. तो चौथी शिकलेला, इंग्रजी येत नव्हतं, पण डॉक्टरांनी लिहून दिलेली अक्षरं तो चित्र काढावं तशी जशीच्या तशी उतरवायचा. "बारा वरसं झाली," तो मला म्हणाला, "आजवर एक चिठ्ठी इकडची तिकडं न्हाई झाली. वर साह्यबाला ईचार."

त्या वर्षी रत्नपारखी मॅडमचा प्रबंध चालला होता. त्या औषधशास्त्र शिकायला आलेल्या डॉक्टर, वयानं तिशीच्या आत, उंच, घाईत चालणाऱ्या, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणाऱ्या. मनोरुग्णांना देतात असं एक औषध होतं, मेंदूतल्या डोपामीन नावाच्या रसायनाला आवरणारं. ते गाभण मादीला दिलं तर पोटातल्या पिल्लांचं काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांचा अंदाज होता की नुकसान होईल. नर आणि मादी एका पिंजऱ्यात ठेवायचे, सकाळी मादी तपासायची. मीलन झालं असेल तर तिथं मेणासारखा एक पांढरा खडा दिसतो, ती खूण. खूण दिसली की नराला बाहेर काढायचं आणि मादीला एकटी ठेवायची. मग निम्म्या माद्यांना रोज दुपारी मॅडम स्वतःच्या हातानं औषध पाजणार, निम्म्यांना नुसतं पाणी. कोण कोणत्या गटात, ते मामाच्या चिठ्ठीवर.

हे सगळं मामा मला सांगायचा, आणि सांगताना त्याला काही वाटायचं नाही, ही माझ्यासाठी नवलाची गोष्ट होती. आमच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, पुरुष आपापसांत सगळं बोलायचे. कोणती मेंढी माजावर आली, कोणती फळली, कोणती गाभडली. पण पोरगी जवळ आली की एकदम पावसापाण्याचं बोलणं सुरू. इथं मामा मला मादी उताणी धरून दाखवत होता, "ही बघ खूण. कधीमधी गळून पडती, मंग दिसत न्हाई. पर झालेलं असतंय." मी कॉलेजला जायच्या आधी तासभर त्याच्या हाताखाली राबायचे आणि खरं सांगते, इतकी खुश मी आधी कधी नव्हते. मला प्रश्न विचारता येत होते आणि कुणी मला घागर देत नव्हतं.

माद्या सगळ्या फळल्या, चिठ्ठ्या लागल्या, मॅडमचं औषध सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी मामाला ताप आला. हुडहुडी भरून ताप. मामीनं त्याला दोन गोधड्यांखाली घातलं आणि मला म्हणाली, "तुझ्या उंदरांना तूच खायला घाल जा. ह्ये उठत न्हाईत आता." वरच्या साहेबांना विचारून मामानं परवानगी घेतली आणि उंदीरखान्याची किल्ली माझ्याकडे आली. मी सोळा-सतरा वर्षांची. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली आणि छाती काढून चालत गेले.

आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका. त्या माद्यांपैकी दोघी-तिघींत खूण अर्धवटच दिसली होती. मामानं 'असेल' म्हणून धरून चालवलं होतं. मला वाटलं, या रिकाम्या निघाल्या तर मामाचं नाव खराब होणार. आणि नराला एका दिवसात बाहेर काढायचं, ही कसली रीत? आमच्यात पहिल्या एडक्यानंतर आबा दुसरा एडका सोडतात. पहिल्याकडून राहिलेल्या मेंढ्या दुसरा फळवतो, कुणी रिकामी राहत नाही. हे मी बाभळीआडून डोळ्यांनी बघितलं होतं. हैदराबादहून नुकतेच नवे नर आले होते, दांडगे, तेही पांढरेच. दुपारी मॅडम औषध पाजून गेल्या की मी एकेक नवा नर एकेका मादीच्या पिंजऱ्यात सोडला. दोघी-तिघींच्याच नाही, सगळ्यांच्या. मेंढरांत काय, एडका सगळ्यांत फिरतो. दुसऱ्या दिवशी मॅडम यायच्या आधी काढून घेतले, त्या गेल्यावर परत सोडले. असं दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी मामा घाम निथळत कामावर हजर झाला, तेव्हा नवे नर आपापल्या जागी होते आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. मामाला सांगितलं नाही. आधी पिल्लं दिसू देत, मग सांगू, अशी हौस.

तीन आठवड्यांनी पिल्लं झाली. औषध पाजलेल्या माद्यांना झाली. गुलाबी, शेंगदाण्याएवढी, भुशात वळवळणारी. आणि नुसतं पाणी पाजलेल्या माद्या, एक-दोन सोडल्या तर, तशाच सडपातळ फिरत होत्या. सगळं उलटं. ज्यांचं नुकसान व्हायचं त्यांचं भलं झालं आणि ज्यांना धक्काही लागला नव्हता त्या रिकाम्या. रत्नपारखी मॅडम पिंजऱ्यांसमोरून दोनदा इकडून तिकडे गेल्या. मग मामाकडे वळल्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"सोपानराव, तापातून उठलात त्या दिवशी चिठ्ठ्या काढून पुन्हा लावल्या होत्या का?"

"न्हाई मॅडम."

"मग हे कसं होईल? दोन्ही गट अदलाबदल झालेत. दुसरं काही असूच शकत नाही."

"चिठ्ठी मी न्हाई हालवली," मामा म्हणाला. पण म्हणताना त्याचा हात एका चिठ्ठीकडे गेला आणि तो तिच्यावरची अक्षरं बोटानं चाचपायला लागला. त्याला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली होती. ताप होता ना अंगात.

आठ दिवसांत कागद आला. मामाची बदली बाहेरच्या दरवाजावर, पेशंटची रांग लावायला. महिनाअखेरपर्यंत दुसरा माणूस येणार. कागद मीच दारात वाचून दाखवला. मामीनं ऐकलं आणि पहिल्यांदाच तांब्या घेऊन दारात उभी राहिली नाही. मामा तसाच घरात आला, उंदरांच्या वासासकट, आणि भिंतीला टेकून बसला. मामी त्याच्यापुढे ताट ठेवून म्हणाली, "बरं झालं. तिथं चांगला वास येईल अंगाला." आणि ती मागच्या न्हाणीत जाऊन बसली. मामा जेवला नाही. त्यानं जुनी वही काढली आणि चिठ्ठ्यांवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून उतरवत बसला, तपासत बसला. मी समोर पुस्तक घेऊन होते. मला तोवर कळून चुकलं होतं की काहीतरी माझ्याच हातून झालंय. कसं झालं ते कळत नव्हतं. नवा नर आल्यानं मादी रिकामी कशी होईल? मेंढीची तर होत नाही. पण त्या सगळ्यात नेहमीपेक्षा वेगळं घडलेलं एवढंच होतं आणि ते मी केलं होतं. सांगितलं तर मला परत पाठवतील, शिक्षण संपेल, ही भीती होती. खोटं बोलणार नाही, दोन दिवस मी त्या भीतीला धरून गप्प बसले. त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले. त्या कागदांच्या ढिगात बसल्या होत्या. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, एका दमात, एडक्यासकट.

"तू?" त्या म्हणाल्या. "तू माझ्या प्रयोगातल्या माद्यांपाशी परके नर सोडलेस?"

"हो मॅडम. मामाला ठाऊक न्हाई. त्याची चिठ्ठी बराबर हाय."

त्या माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. त्यांनी विचारलं, "कितव्या दिवशी?"

"काय?"

"मीलनाची खूण दिसल्यावर कितव्या दिवशी सोडलेस? आणि किती वेळ होते आत? नीट आठवून सांग."

मी बोटांवर मोजून सांगितलं. त्या उठल्या, कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, पानं उलटली, परत ठेवलं, दुसरं काढलं. मी तिथं आहे हे विसरूनच गेल्या. मग खुर्चीकडे बोट केलं. डॉक्टरांच्या खोलीत खुर्चीवर बसायची माझी ती पहिली वेळ. त्यांनी मला जे समजावलं ते मी पुढे आयुष्यभर विद्यार्थ्यांना समजावत आले, पण त्यांच्याइतकं सोपं मला कधी जमलं नाही. म्हणाल्या, मादी उंदीर ज्या नराबरोबर राहते त्याचा वास तिच्या मेंदूत पक्का बसतो. मीलनाच्या वेळी मेंदूत एक रसायन सुटतं, ते हा वास बसवतं. मग तो नर जवळ असला तरी तिचं काही बिघडत नाही, ओळखीचा असतो. पण पहिल्या चार-पाच दिवसांत परका नर आला, तर त्याचा वास नाकातून मेंदूत जातो आणि तिथं डोपामीन वाढतं. डोपामीन वाढलं की गर्भाला धरून ठेवणारं संप्रेरक कमी होतं आणि मादी गर्भ सोडून देते, पुन्हा माजावर येते. "आणि माझं औषध काय करतं?" त्यांनी विचारलं.

"डोपामीनला आवरतं," मी म्हणाले.

"म्हणून औषधवाल्यांचं टिकलं. पाणीवाल्यांचं गेलं." त्या हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. मग एकदम गंभीर झाल्या. "मी सोपानरावांना काय काय बोलले."

त्याच दिवशी संध्याकाळी त्या आमच्या क्वार्टरवर आल्या. मामीनं दार उघडलं आणि सवयीनं हातातला तांब्या पुढे केला. मॅडमनी काही न विचारता चपला काढल्या, हातपाय धुतले आणि आत येऊन चटईवर बसल्या. मामाला म्हणाल्या, "तुमची एकही चिठ्ठी चुकली नव्हती. चूक माझी झाली, मी तुमच्यावर शंका घेतली." मामा नुसताच मान हलवत राहिला. नंतर त्यानं माझ्याकडे बघितलं. रागावला नव्हता, तेच मला सोसेना. मी रडले. मामी म्हणाली, "रडून काय व्हायलंय आता, आमटी वाढ मॅडमला." आणि मॅडम दोन भाकरी जेवल्या. जाताना त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना भेटायचंय मला."

आबांची मेंढरं तेव्हा अंबाजोगाईपासून दोन कोसांवर एका शेतात बसलेली होती. मी, मामा आणि मॅडम रिक्षानं गेलो. आईनं घाईनं घोंगडी अंथरली. मॅडमनी बसल्या बसल्या सरळ विचारलं, एडका कधी सोडता, दुसरा कधी, का. आबांचा चेहरा उतरला. परकी बाई, शिकलेली, त्यात पोरगी समोर. ते उठले, आमच्याकडे पाठ करून मेंढरांकडे तोंड करून उभे राहिले आणि मामाला म्हणाले, "पाव्हणं, मॅडमला सांगा, एडका सोडायच्या आदी म्हैनाभर लांब ठिवायचा. वारा लागू द्यायचा न्हाई. मेंढ्या गप ऱ्हातेत. मंग येकदम वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणायचा. वास गेला की धा-बारा मेंढ्या संगंच..." इथं ते थांबले.

"माजावर येतेत," मी म्हणाले.

आबांची पाठ ताठ झाली. एक कोकरू ओरडत होतं.

"अन् दुसरा एडका कधी सोडता?" मॅडमनी विचारलं.

"पाव्हणं, सांगा त्येन्ला," आबा म्हणाले. "पंधरवडा उलटल्याबगर न्हाई. ज्या राहिल्या त्या पुन्यांदा माजावर येतेत, तवा दुसरा. आधी सोडून काय करायचं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मामानं बघितलं, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पंधरा दिवस थांबले असते तर उंदरांच्या पोटातली पिल्लं पक्की झाली असती, परक्या नराच्या वासानं काही बिघडलं नसतं. आबांना त्यांची रीत पुरती माहीत होती. मला तिचं शेवटचं टोक माहीत नव्हतं. मामानं मग आबांना सगळं सांगितलं, मी काय केलं, मामावर काय आळ आला. आबा ऐकत राहिले, पाठ फिरवूनच. शेवटी म्हणाले, "तिला म्हाईत कावून न्हवतं?" मग स्वतःच म्हणाले, "म्या पाण्याला धाडलतं तिला." आणि चालत मेंढरांच्या पलीकडे गेले. आम्ही निघालो तेव्हाही ते परत आले नाहीत.

मॅडमनी तो प्रयोग पुन्हा केला, या वेळी मुद्दाम. माद्या एका वेळी माजावर याव्यात म्हणून आबांची युक्ती वापरली. आधी नरांपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवल्या, मग नरांच्या पिंजऱ्यातला घाण भुसा मूठ मूठ त्यांच्या पिंजऱ्यांत टाकला. तिसऱ्या सकाळी त्यातल्या बऱ्याच माद्या एकदम तयार. मामा म्हणाला, "दाजीला सांगाय पायजे." परके नर सोडले ते मॅडमच्या सांगण्यावरून मीच सोडले, घड्याळ लावून, आणि लिहून ठेवलं. औषधवाल्यांना पिल्लं झाली, पाणीवाल्यांना नाही, अगदी पहिल्यासारखं. मामाच्या बदलीचा कागद मागे घेतला गेला. मॅडमनी आपला विषयच बदलला आणि प्रबंधाच्या आभाराच्या पानावर मामाचं नाव इंग्रजीत छापलं. मामानं ते अक्षर न् अक्षर उतरवलं आणि उंदीरखान्याच्या दारावर चिकटवलं. मामी बघायला म्हणून पहिल्यांदा तिथं गेली आणि परत येऊन दोन तांबे पाणी अंगावर ओतून घेतलं.

पुढं मी त्याच वाटेनं गेले. वास, मेंदू, नर-मादी, पिल्लं, यावर चाळीस वर्षं घालवली. आता जोडीनं राहणाऱ्या रानउंदरांच्या मेंदूत काय काय सापडतंय ते नातीच्या फोनवर वाचते आणि त्या संशोधकांचा हेवा करते. नात विचारते, मग प्रेम म्हणजे रसायनच का गं? मी म्हणते, उंदरांपुरतं मी सांगू शकते, तुझं तू बघ. ती रुसते.

पण मला सांगायचं राहिलंय ते त्या पावसाळ्यातलं. बारावीची परीक्षा होऊन निकाल लागला होता, पुढचं शिक्षण अजून ठरायचं होतं, आणि मी वाड्यावर आले होते. आबांनी त्या भेटीनंतर माझ्याशी फारसं बोलणं केलं नव्हतं. मी येऊन चार दिवस झाले तरी घागर, चारा, भाकर, एवढेच शब्द. पाचव्या दिवशी सकाळी आबांनी आभाळ बघितलं, गवत बघितलं आणि एडक्याला ओढून आणलं. मला कळलं. मी उठले आणि घागरीकडे गेले. घागर तिथं नव्हती. आई ती कमरेवर घेऊन ओढ्याच्या वाटेला लागली होती, मागे न बघता.

"शेवंते," आबा म्हणाले. ते एडक्याच्या पाठीवर गुडघा टेकून बसले होते. "इकडं ये. शिंगं धर ह्येची."

मी शिंगं धरली. एडका फुरफुरत होता. आबा गोणपाटाच्या गाठीशी झटत होते. कैक महिने भिजून वाळून ती गच्च झाली होती. त्यांनी वर बघितलं नाही, पण या वेळी मामाला किंवा मेंढरांना सांगितलं नाही, मला विचारलं.

"दुसरा कधी सोडायचा?"

"पंधरवडा उलटल्यावर," मी म्हणाले. "राहिलेल्या परत माजावर आल्या की."

"कावून?"

मी सांगितलं. वास, मेंदू, सगळं, मेंढीचं आणि उंदराचं कुठं जुळतं आणि कुठं नाही ते. आबा ऐकत ऐकत गाठ सोडवत होते. माझं बोलणं संपलं आणि गाठही सुटली. त्यांनी गोणपाट झटकलं, घडी केली आणि माझ्या हातात दिलं.

"जपून ठिव," ते म्हणाले. "पुढल्या बारीला तूच बांध, सुट्टीला येशील तवा."